३० मीटरवर पाहुणे नेताना: नव्या डाइव्ह गाईडसाठी

तारकर्ली-मालवणला दोन-तीन हंगाम काम करून एखादा मुलगा अंदमानात हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, नोकरीला येतो तेव्हा त्याला पाण्याची भीती नसते. पोहणं त्याला लहानपणापासून येत असतं, मासे ओळखता येतात, श्वास शांत असतो. फक्त एक सवय त्याच्या हाताला घट्ट लागलेली असते: पाहुण्याच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह मागून धरून ठेवायची. पाच-सहा मीटरवर पहिल्यांदाच पाण्यात उतरलेल्या माणसासाठी तेच बरोबर आहे. पण डिक्सन्स पिनॅकलवर, म्हणजे पाण्याखालच्या खडकाच्या सुळक्यावर, चार पाहुणे घेऊन तुम्ही ३० मीटरला गेलात की चार सिलिंडर दोन हातांत मावत नाहीत. तिथे त्यांना सांभाळतो तो बोटीवर ठरलेला बेत, आणि तो बेत मोडायची वेळ आली तर सगळ्यांत आधी ते ओळखणारा गाईड.

मी याच वाटेने आलो. पहिल्या दोन वर्षांत ज्या चुका केल्या आणि ज्या थोडक्यात निभावल्या, त्यांतूनच पुढचं बरंचसं शिकलो. डाइव्हमास्टर होऊन नुकतेच खोल साइटवर गाईड म्हणून जाऊ लागलेल्यांसाठी हे लिहितो आहे. कोर्सच्या पुस्तकात असलेलं सगळं इथे परत सांगत नाही. खोल पाण्यात पाहुण्यांची जबाबदारी घेताना काय कुठल्या क्रमाने करायचं, एवढंच सांगतो.

आधी स्वतःची तयारी

पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचं डाइव्हमास्टर कार्ड मिळायला ६० डाइव्ह पुरतात. खोल साइटवर लोकांना न्यायला ते पुरत नाहीत, हे माझं स्पष्ट मत आहे. ६० पैकी ३० मीटरच्या आसपासच्या किती, हे स्वतःला विचारा. बहुतेकांच्या पाच-सात निघतात. म्हणून पहिली पायरी ही: ज्या साइटवर तुम्हाला गाईड व्हायचं आहे तिथे आधी अनुभवी गाईडच्या गटात शेपटाला राहून किमान दहा डाइव्ह करा. भरती-ओहोटीच्या वेगवेगळ्या वेळी करा. पिनॅकलचा माथा किती मीटरवर, दोर कुठे बांधलाय, पाण्याची ओढ वाढली की कुठल्या खडकाची आड मिळते, हे तुम्हाला डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. पाहुण्यांवर लक्ष ठेवायला डोकं मोकळं हवं. रस्ता शोधण्यात ते गुंतलं तर माणसांकडे बघायला उरत नाही.

दुसरं, आपली मर्यादा. डाइव्हमास्टरने प्रमाणित डायव्हरला त्याच्या प्रशिक्षणाच्या मर्यादेत फिरवून आणायचं असतं. ओपन वॉटर कार्डवाल्याची मर्यादा १८ मीटर, अ‍ॅडव्हान्स्डवाल्याची ३०, डीप स्पेशालिटी केलेल्याची ४०. मनोरंजनासाठी केलेलं डायव्हिंग ४० मीटरवर संपतं. ओपन वॉटरवाल्याला ‘जरा खाली’ नेऊन त्याला ३०चा अनुभव देणं हे इन्स्ट्रक्टरचं काम आहे, तेही कोर्सच्या चौकटीत. पाहुणा आग्रह करेल, जास्त पैसे देऊ म्हणेल, सेंटरवरचं कुणी ‘सांभाळून ने रे’ म्हणेल. तरी नाही.

आदल्या संध्याकाळी

खोल डाइव्हची खरी सुरुवात आदल्या संध्याकाळी सेंटरच्या टेबलावर होते. कार्ड बघा, पण कार्ड बघून थांबू नका. तीन प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो: शेवटची डाइव्ह कधी केली? ती किती खोल होती? आणि वर आलात तेव्हा सिलिंडरमध्ये किती बार (हवेच्या दाबाचं माप) उरले होते? तिसऱ्या प्रश्नाला जो पटकन उत्तर देतो तो स्वतःचं गेज बघणारा माणूस. जो ‘गाईडनेच सांगितलं वर चला’ म्हणतो, त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी आधी १२ मीटरच्या साइटवर न्या. तिथे त्याचा श्वास, त्याचं तरंगणं, मास्कमध्ये पाणी गेल्यावर तो काय करतो, सगळं दिसतं. वर्षभर पाण्यात न उतरलेल्यालाही हेच.

वैद्यकीय फॉर्म भरून घेताना समोर बसा. त्यात एका जरी महत्त्वाच्या प्रश्नाला ‘होय’ आलं तर डॉक्टरचं पत्र हवं. ‘होय’ खोडून ‘नाही’ करायला सांगणारे लोक या धंद्यात आहेत, तुम्ही त्यांच्यातले होऊ नका. डायव्हिंगमधल्या मृत्यूंमागे हृदयविकार हे एक मोठं कारण आहे. पन्नाशीतला, रक्तदाबाची गोळी घेणारा, बोटीच्या शिडीवर धाप लागणारा माणूस ३० मीटरवर ओढीच्या विरुद्ध फिन मारताना काय करेल, हा विचार आदल्या संध्याकाळीच करायचा. फॉर्मवर त्याची सही झाली म्हणजे तुमची जबाबदारी संपली, असं अजिबात नाही.

रात्रीच्या दारूबद्दल, झोपेबद्दल, सर्दीबद्दल विचारायला लाजू नका. सर्दी दाबायला गोळी घेऊन उतरलेल्याचा कान खाली जाताना साथ देतो आणि गोळीचा असर संपला की वर येताना अडकतो. खाली जाताना कान दुखला तर थोडं वर येता येतं. वर येताना दुखला तर मात्र हवा संपत असते आणि तो माणूस वर सरकू शकत नसतो.

हवेचा हिशोब, कागदावर

या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण नवे गाईड इथेच सगळ्यांत ढिले असतात. ‘५० बार उरले की वर यायचं’ हे वाक्य आपण उथळ पाण्यात इतक्यांदा बोललेलो असतो की ३० मीटरवरही तेच तोंडून निघतं.

समुद्रात दर १० मीटरला दाब साधारण एक बारने वाढतो. पृष्ठभागावर एक, म्हणून ३० मीटरवर चार. शांत माणूस वर मिनिटाला २० लिटर हवा घेत असेल तर ३० मीटरवर तो मिनिटाला ८० लिटर घेतो. आपल्याकडचा नेहमीचा अ‍ॅल्युमिनियमचा ‘एटी’ सिलिंडर ११.१ लिटरचा. २०० बार भरला तर त्यात साधारण २,२०० लिटर हवा.

आता समजा ३० मीटरवर एकाची हवा संपली आणि दोघांना एकाच सिलिंडरवर वर यायचं आहे. दोघंही घाबरलेले, म्हणून प्रत्येकी ३० धरा, दोघांचे मिनिटाला ६०. एकमेकांना पकडून, रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन) देऊन, सावरायला एक मिनिट: ६० गुणिले ४, म्हणजे २४० लिटर. ३० वरून ५ मीटरपर्यंत मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने यायला तीन मिनिटं, सरासरी दाब पावणेतीन बार: ४९५ लिटर. ५ मीटरवर तीन मिनिटं थांबा: २७० लिटर. तिथून वर यायला एक मिनिट: ७५ लिटर. बेरीज १,०८० लिटर. ११.१ ने भागा: ९७ बार.

म्हणजे ३० मीटरचा तळ सोडताना गटातल्या प्रत्येकाच्या गेजवर १०० बार हवेत. आणि तळ सोडायचा तो दोराजवळून, म्हणून दोराकडे वळायचा आकडा १२०. ही गोष्ट मला कुणीतरी पहिल्याच दिवशी कागदावर मांडून दाखवायला हवी होती. तुम्ही स्वतःच्या हाताने एकदा मांडा. ४० मीटरसाठीही मांडा, आणि मग सांगा की ४० मीटरवर एका सिलिंडरमध्ये नवख्याला न्यावं असं वाटतं का.

दुसरी बाजूही बघा. शांत पाहुणा २०० वरून निघाला, उतरताना १४-१५ बार गेले, १०० ला तळ सोडायचा. तळाशी त्याच्या वाट्याला आली जेमतेम १२ मिनिटं. घाबरट श्वास घेणाऱ्याला सात. पॅडीच्या तक्त्यात ३० मीटरला २० मिनिटांची मुभा दिसते म्हणून पाहुणे ‘वीस मिनिटं आहेत ना’ म्हणतात. त्यांना हे सांगा की शरीरात मुरणाऱ्या नायट्रोजनची मर्यादा येण्याआधी हवेची मर्यादा येते. आधी सांगितलं की लोकांना पटतं. खाली जाऊन हातवारे करून पटवता येत नाही.

नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजन असलेली हवा) वापरत असाल तर ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण ३० मीटरला तक्त्यातला वेळ साधारण दीडपट करतं. हवा मात्र तेवढीच लागते, आणि खोल पाण्यात नायट्रोजनने चढणारी धुंदी काही कमी होत नाही. ३२ टक्क्यांची तळरेषा साधारण ३३ मीटर, ३६ टक्क्यांची २८. त्याखाली ऑक्सिजनच विषारी ठरू शकतो, आणि पाण्याखाली त्याचे झटके आले तर तोंडातला रेग्युलेटर सुटतो. म्हणून सिलिंडरमधलं मिश्रण ज्याचं त्याने मोजायचं, टेपवर टक्केवारी आणि खोली लिहायची, खाली स्वतःची सही करायची. तुम्ही मोजून दिलंत आणि त्याने डोळे झाकून घेतलं, असं नको.

बोटीवर

माझे वडील मासेमारीला जायचे. जाळं टाकण्याआधी ते होडीच्या कडेला एखादं पान किंवा काडी टाकून दोन मिनिटं नुसते बघत बसायचे. ‘आज पाण्याक ओढ आसा’ म्हणाले की त्या दिवसाचा सगळा बेत बदलायचा. साइटवर पोचल्यावर मी हेच करतो. बोया कुठल्या बाजूला कलला आहे, दोर किती ताणलाय, बुडबुडे कुठे जातायत, हे बघतो. शंका असेल तर आधी मी किंवा दुसरा गाईड पाण्यात उतरून १० मीटरपर्यंत दोर धरून बघून येतो. पाहुणे तोवर बोटीवर. ओढ जोरात असेल तर साइट बदलायची. यासाठी मनात दुसरी, उथळ साइट आधीच ठरलेली हवी, म्हणजे ‘एवढ्या लांब आलो’ या विचाराचा दाब राहत नाही.

ऑक्सिजनचा संच उघडून बघा. बंद पेटीवर हात ठेवून ‘आहे’ म्हणू नका. सिलिंडरमध्ये किती लिटर आहे ते काढा: मिनिटाला १५ लिटरच्या हिशोबाने १,५०० लिटर म्हणजे १०० मिनिटं. साइटवरून जेटी, जेटीवरून दवाखाना, एवढ्यात ती पुरतील का? दोघांना एकदम लागला तर? नसेल पुरत तर खोल साइटवर जायचं नाही. रीकम्प्रेशन चेंबरची (डायव्हरला पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायच्या खोलीची) सोय श्री विजयपुरमला, म्हणजे आधीच्या पोर्ट ब्लेअरला, नौदलाच्या आयएनएचएस धन्वंतरी रुग्णालयात आहे, म्हणजे हॅवलॉकहून समुद्र ओलांडून. तिथला नंबर, सेंटरचा नंबर, डॉक्टरांचा नंबर, पाहुण्यांच्या विम्याचे नंबर, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीतल्या कागदावर, बोटीच्या केबिनमध्ये. फोनमध्ये असून उपयोग नाही. फोन तुमच्या कोरड्या पिशवीत असतो आणि तुम्ही पाण्यात.

प्रत्येकाचा स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजून मर्यादा सांगणारं यंत्र) हवा. दोघांत एक चालत नाही. दोघं कधीच एकाच खोलीवर नसतात. तुमच्याकडे पृष्ठभागावर सोडायचा फुगा आणि रील, कापायचं साधन, शिट्टी, टॉर्च, जादा मास्क. जमत असेल तर सोबत छोटा जादा सिलिंडर घ्या, आणि ५ मीटरवर दोराला एक भरलेला सिलिंडर रेग्युलेटरसकट टांगा. तो टांगायला पाच मिनिटं लागतात. कुणाला तो लागेल तेव्हा तेवढ्या मिनिटांसाठी तुम्ही काहीही द्यायला तयार असाल.

गटात पाहुणे किती? खोल साइटवर मी चारच्या वर घेत नाही. नवखे असतील तर दोन. गटाची खोली ठरते ती सगळ्यांत कमी अनुभवाच्या माणसाच्या मर्यादेने, आणि गटाची वेळ ठरते ती सगळ्यांत जास्त हवा खाणाऱ्याच्या गेजने. हे ब्रीफिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगायचं, पण कुणाचं नाव न घेता. ‘आपल्यातल्या पहिल्याचे १२० झाले की सगळे दोराकडे’, एवढंच. ज्याची हवा लवकर संपते तो माणूस आधीच लाजलेला असतो आणि आकडा लपवतो. त्याला लपवावंसं वाटू नये, हे तुमच्या बोलण्याच्या सुरावर अवलंबून आहे.

ब्रीफिंग लांबवू नका. खोली, वेळ, वळायचा आकडा, हरवलो तर एक मिनिट शोधायचं आणि मग शांतपणे वर, फुगा कोण सोडणार, थांबा किती. खुणा प्रत्येकाकडून एकदा करून घ्या, विशेषतः आकडे. एका देशातला माणूस सहा एका हाताने दाखवतो, दुसऱ्या देशातला दोन्ही हातांनी. खाली त्याचा घोळ होतो.

उतरताना

दोर धरून, पाय खाली, तोंड एकमेकांकडे. ५ मीटरवर थांबून सगळ्यांचे बुडबुडे बघा: व्हॉल्व्हपाशी, होजच्या सांध्यापाशी. गळती इथे दिसली तर वर जाऊन दुरुस्त करता येते. इथेच कान, इथेच मास्क, इथेच प्रत्येकाच्या डोळ्यांत एकदा बघायचं. डोळे मोठे झाले असतील आणि बुडबुड्यांची साखळी न तुटता येत असेल तर तो माणूस घाबरलाय. त्याला थांबवा, श्वास बाहेर सोडायची खूण करा, मिनिटभर द्या. नाही सावरला तर त्याला घेऊन वर. बाकीच्यांना दुसऱ्या गाईडकडे सोपवता आलं तर ठीक, नाहीतर सगळे वर.

२० मीटरच्या खाली वेटसूट दाबून पातळ होतो आणि माणूस जड होतो. नवखा हे ओळखत नाही, तो वेगाने खाली जातो आणि हाताने पाणी मारू लागतो. तुम्ही त्याच्यापेक्षा मीटरभर खाली राहा आणि बीसीडीत (तरंगणं सांभाळायच्या हवेच्या जाकिटात) हवा भरायची खूण वेळेत करा.

तळाशी

साधारण ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची धुंदी सुरू होते. कुणाला २५ ला, कुणाला ३५ ला, त्याच माणसाला आज होते आणि काल झालेली नसते. थंडी, थकवा, भीती, जोरात फिन मारणं, सगळ्याने ती वाढते. गाईडलाही होते, हे आधी मान्य करा. धुंदी चढलेला माणूस दंगा करतो असं लोकांना वाटतं. बहुतेक वेळा तो गप्प असतो. एका प्रवाळाकडे टक लावून बघत राहतो. विचारलं की ‘ओके’ करतो, परत विचारलं की परत ‘ओके’.

माझ्या दुसऱ्या हंगामातली गोष्ट. पाहुणा चाळिशीतला, अ‍ॅडव्हान्स्ड कार्ड, बोलायला अगदी छान. शेवटची डाइव्ह सहा वर्षांपूर्वीची होती, हे मी आदल्या दिवशी विचारलंच नव्हतं. २९ मीटरवर मी गेजची खूण केली, त्याने ‘ओके’ दिलं. मी परत केली. त्याने परत ‘ओके’ दिलं, तर्जनी आणि अंगठ्याचं गोल अगदी नीट, पण नजर माझ्या खांद्यामागे कुठेतरी. मी जवळ गेलो, त्याचं गेज त्याच्या कमरेजवळून ओढून वर आणलं. काचेवर शेवाळासारखा हिरवट उजेड पडलेला, आणि काटा ६० च्या जरा वर. दोर आमच्यापासून वीस-पंचवीस मीटर दूर. मी त्याचा हात धरून तिथूनच वर निघालो, बाकी तिघांना मागे या म्हणून खूण केली. २२ मीटरवर येताच तो एकदम भानावर आला. गेज बघितलं आणि त्याचा श्वास इतका वाढला की मला माझा दुसरा रेग्युलेटर त्याला द्यावा लागला. ५ मीटरवरचा थांबा आम्ही माझ्या हवेवर केला. वर आलो तेव्हा माझ्याकडे ३५ बार उरले होते. त्याला काही झालं नाही. पण त्या डाइव्हमध्ये चूक त्याची एकही नव्हती. मी आदल्या दिवशी विचारलं नाही, आणि खाली ‘ओके’वर विश्वास ठेवला.

तेव्हापासून ‘ओके’ ही खूण मी उत्तर म्हणून घेत नाही. आकडा विचारतो आणि आकडाच घेतो. शिवाय २५ मीटरच्या खाली गेलं की मी तीन बोटं दाखवतो, समोरच्याने चार दाखवायची. मी दोन, त्याने तीन. ब्रीफिंगमध्येच हा खेळ शिकवून ठेवतो. उत्तर उशिरा आलं, चुकलं किंवा तेवढीच बोटं परत आली, की पाच-सात मीटर वर. धुंदीवर औषध एवढंच, आणि ते लगेच लागू पडतं.

तळाशी दर दोन-तीन मिनिटांनी सगळ्यांचे आकडे. तुमचे स्वतःचेही. तुम्ही गटाच्या पुढे पण अर्धे वळलेले असा, म्हणजे मान न वळवता शेवटचा माणूस दिसतो. फोटो काढणाऱ्यावर जास्त लक्ष. तो कॅमेऱ्यामागे हळूहळू खाली बसत जातो आणि त्याला ३० चे ३४ कधी झाले कळत नाही. तुम्ही स्वतः कॅमेरा घेऊ नका. पाहुण्यांचे व्हिडिओ काढून देणं हे काम असेल तर त्यासाठी दुसरा माणूस हवा.

कुणी खरचटून घेतलं तर रक्त लाल दिसणार नाही. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरतो, ३० मीटरवर रक्त हिरवट-काळं दिसतं. पाहुणा त्याने घाबरतो, म्हणून आधीच सांगून ठेवा. टॉर्च मारला की लाल दिसतं, तोही घाबरतो, पण कमी.

वर येताना

मिनिटाला ९ मीटर, त्याहून हळू चालेल. वर येताना बीसीडीतली हवा फुगते, ती सतत सोडत राहायची. नवखा हे शेवटच्या १० मीटरमध्ये विसरतो आणि फुग्यासारखा निघतो. श्वास कधीच धरायचा नाही, फुप्फुसं फाटू शकतात. कुणी हातून सुटून वर निघाला तर त्याचा पाय धरून वेग कमी करायचा प्रयत्न करा, पण त्याच्यासोबत स्वतः उडू नका. दोन जखमी झाले तर बाकीच्या तिघांना कोण बघणार?

५ मीटरवर तीन मिनिटं. खोल डाइव्हनंतर हा थांबा ऐच्छिक समजू नका. गटात ज्याचा कॉम्प्युटर सगळ्यांत कडक सांगतो त्याचं सगळ्यांनी ऐकायचं. १९०८ मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शेळ्यांवर केलेल्या प्रयोगांतून टप्प्याटप्प्याने वर यायचे तक्ते मांडले, तेव्हापासून कॉम्प्युटर बदलले, गणितं बदलली, पण शरीरातला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ मागतो, ते बदललं नाही. ५ मीटरवरून वर जायलाही एक मिनिट घ्या. लोक शेवटचे पाच मीटर दहा सेकंदांत संपवतात, आणि दाबातला सगळ्यांत मोठा फरक तिथेच असतो.

बोटीवर परत

शिडीवरून शेवटचा माणूस आला की नावं वाचून मोजणी. डोकी मोजणं नाही, नाव पुकारायचं आणि त्याने स्वतः उत्तर द्यायचं. दुसऱ्याने ‘तो आहे, बाथरूममध्ये’ सांगितलं तर बाथरूमचं दार वाजवून बघायचं. १९९८ साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर मोजणी चुकली आणि एक अमेरिकन जोडपं समुद्रात मागे राहिलं. ते बोटीवर परतलेच नव्हते, हे कळायला दोन दिवस लागले. ते दोघे पुन्हा सापडले नाहीत. मोजणी झाल्याशिवाय बोट चालवणाऱ्याने इंजिन लावायचं नाही, हा नियम त्याच्याशी आधी बोलून पक्का करा.

पाणी प्यायला द्या, सावलीत बसवा. खोल डाइव्ह दिवसाची पहिली, दुसरी त्याहून उथळ, मधे किमान तासभर. डाइव्हनंतर नांगर ओढायला, जड सिलिंडर उचलायला पाहुण्यांना लावू नका, स्वतःही जपून.

बिनसलं तर

डाइव्हनंतर सांधा दुखतोय, मुंग्या येतायत, चक्कर, अंगावर चट्टे, विचित्र थकवा, लघवी होत नाही, पाय जड, यांतलं काहीही असेल तर डीकम्प्रेशन सिकनेस (वर येताना शरीरातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणारा आजार) समजूनच चालायचं. ‘स्नायू आखडला असेल’ असं पाहुणा स्वतःच म्हणेल, कारण त्याला सुट्टी वाया घालवायची नसते. त्याला आडवं झोपवा, शंभर टक्के ऑक्सिजन लावा, आणि बरं वाटलं तरी काढू नका. पूर्ण शुद्धीत असेल तर पाणी द्या. वेदनाशामक गोळी देऊन लक्षण झाकू नका. पुन्हा पाण्यात नेऊन ‘उतरवायचा’ प्रयत्न कधीच नाही. डॉक्टरांना फोन, चेंबरला फोन. त्याचा कॉम्प्युटर त्याच्यासोबत पाठवा, आणि कागदावर लिहा: किती खोल, किती वेळ, वर कसा आला, लक्षण किती वाजता सुरू झालं, ऑक्सिजन किती वाजता लावला. त्याच्या जोडीदारावरही लक्ष ठेवा, दोघांनी तीच डाइव्ह केलेली असते.

त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, घडलेलं सगळं जसंच्या तसं लिहून ठेवा. सेंटरच्या नावाला धक्का लागेल म्हणून आकडा बदलायला कुणी सांगितलं तर नकार द्या. खोटा आकडा वाचून डॉक्टर चुकीचा उपचार ठरवू शकतो.

विमानाबद्दल आदल्या दिवशीच विचारा. अंदमानचे बहुतेक पाहुणे शेवटच्या दिवशी डाइव्ह आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान असा बेत करून येतात. एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, एकाहून जास्त किंवा सलग दिवस केल्या असतील तर किमान १८. मी सरळ २४ सांगतो, हिशोब करायला कुणालाही सोपं. सिंधुदुर्गातल्या खोल साइटवर गाईड होणाऱ्यांनीही हे घाटासाठी लक्षात ठेवा. ६०० मीटरच्या वरची चढण विमानासारखीच धरायची असते आणि आंबोली त्याच्या वर आहे. दुपारी खोल डाइव्ह करून संध्याकाळी गाडीने घाट चढणाऱ्याला थांबवायचं काम तुमचंच.

लक्षणं बहुतेक वेळा काही तासांत दिसतात, कधी दुसऱ्या दिवशीही. म्हणून रात्री आठ-नऊच्या सुमारास मी प्रत्येक पाहुण्याला एक फोन करतो. जेवलात का, हातापायाला मुंग्या नाहीत ना, कुठला सांधा दुखत नाही ना, उद्या सकाळी किती वाजता निघताय. चार फोनना दहा मिनिटं लागतात. कुणी फोन उचलला नाही तर त्याच्या रिसॉर्टवर जाऊन दार वाजवून येतो.